आवाजाच्या बाई

सोमवार, ४ ऑगस्ट

आज वर्गात टॅब्लेट आले. तिसरीच्या वर्गाला वाक्यरचना आता त्याच्यावर शिकवायची, असं मोठ्या बाईंचं फर्मान. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना दर वर्षी काहीतरी नवं लागतं. ते टॅब्लेट बसवायला आलेला माणूस मला म्हणाला, बाई, मुलांना फक्त हिरवं बटण दाबायला सांगा, पुढचं सगळं तोच शिकवतो. म्हटलं, मग मी काय करू? तर म्हणाला, तुम्ही निवांत बसा. सव्वीस वर्षं उभं राहून शिकवलं, आता निवांत बसा म्हणे.

मुलांनी बटण दाबलं. आणि सगळ्या टॅब्लेटांमधून एकदम माझ्या धाकट्या जावेचा आवाज आला.

"चला, आज आपण वाक्य बनवू या. घाई नाही हं. आधी सांगा बरं, कोण आहे?"

मी तिथेच खुर्चीवर बसले. ज्या आवाजात ही रोज सकाळी मला सांगते की ताई, कपडे वाळत घातलेत, त्याच आवाजात ती माझ्या वर्गाला शिकवत होती. पोरं पडद्यावरचे शब्दांचे ठोकळे बोटाने सरकवत होती. वाक्य जुळलं की ती म्हणायची, "शाब्बास, बघ, जमलं की नाही?" आणि पोरं अशी खुलायची, जसा कुणी पाठीवरून हात फिरवलाय.

घरी येऊन तिला जाब विचारला. ती पोळपाट पुसत होती. म्हणाली, ताई, मी सांगितलं होतं तुम्हाला, वाचून दाखवायचं काम मिळालंय म्हणून. तुम्ही म्हणालात, बरं झालं, तेवढाच वेळ जाईल तुझा. मला काही आठवत नाही. म्हणाले असेन. पण वाचायचं काम म्हणजे माझ्याच वर्गात, माझ्याच मुलांना, हे सांगायला नको? ती म्हणाली, कुठल्या शाळेत जाणार हे तिलाही ठाऊक नव्हतं.

आता सगळा उलगडा झाला. गेल्या हिवाळ्यात ही दुपारभर गाद्यांच्या खोलीत दार लावून, डोक्यावरून ब्लँकेट घेऊन बसायची. मला वाटायचं, बहिणीशी फोनवर बोलतेय. एकदा मी दाराला कान लावला, तर आतून ऐकू आलं, "ताई रागावली. ताई का रागावली?" मी आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. ती धडे रेकॉर्ड करत होती आणि ते त्यातलं प्रश्नार्थक वाक्य होतं, हे आज कळलं.

बुधवार, ६ ऑगस्ट

माझी दोरी काढली. टॅब्लेट चार्ज करायच्या कपाटाला भिंत हवी होती, म्हणून शिपायाने खिळे उपटले नि दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली.

ही दोरी माझी स्वतःची युक्ती. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर शब्द लिहायचे आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दोरीवर अडकवायचे. "मांजर", "दूध", "पितं". पोरं उड्या मारत यायची, चिमटे काढायची, लावायची. शेवटचा शब्द काढला की वाक्य अर्धवट लोंबकळायचं आणि सगळा वर्ग ओरडायचा, बाई, पडलं! शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका बघायला यायच्या. आता कोण येतंय बघायला? सगळे त्या पेटीतल्या बाईसाहेबांवर खूश.

शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या बाई मला म्हणाल्या, "किती गोड आवाज आहे हो, ऐकतच राहावं वाटतं." मी म्हटलं, हो, चांगला आहे. माझी जाऊ आहे हे काही मी सांगितलं नाही. आपण होऊन कशाला तोफेच्या तोंडी जा?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

गोगलगायीने आज वाक्य म्हटलं. मला नाही, टॅब्लेटला.

ही माझ्या वर्गातली एक पोरगी. नाव घेऊन हाक मारली तरी मान आत घेते, म्हणून मी मनातल्या मनात तिला गोगलगाय म्हणते. वाचन कच्चं, बोलणं त्याहून कच्चं. ऑगस्टअखेर तिला पूर्ण वाक्य वाचता-बोलता आलं नाही तर दुसरीत परत पाठवायचं, असं मोठ्या बाईंनी जूनमध्येच ठरवून टाकलंय. तिची आई शिवणकाम करते. ती हात जोडून मला म्हणाली होती, हिची लहान बहीण दुसरीत आहे हो बाई, तिच्या बाकावर हिला बसवलं तर ही कायमची मिटेल. मी तिला शब्द दिलाय. दोन महिने मी तिच्यापुढे गुडघे टेकून बसले, पट्ट्या लावल्या, दरडावलं, चुचकारलं. एक अक्षर फुटलं नाही.

आणि आज ती टॅब्लेटला तोंड लावून हळूच म्हणाली, "पक्षी झाडावर बसतो." पेटीतली म्हणाली, "शाब्बास, बघ, जमलं की नाही?" तर ही हसली. हिला दात आहेत हे मला आज दिसलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण, थोडासा. बाकी नाकाला नुसत्या मिरच्या झोंबल्या. मशागत मी करायची आणि पीक हिने कापायचं. मला जावेचा हेवा वाटतो. लिहून टाकलं एकदाचं.

रविवार, १० ऑगस्ट

एक टॅब्लेट घरी आणला, म्हटलं बघू तरी ती काय एवढं अमृत पाजते. बाहेरच्या खोलीत लावला. तिने विचारलं, "कोण आहे?" तर हे न्हाणीघरातून ओरडले, "अगं मी आहे, साबण कुठाय?"

बाहेर आल्यावर म्हणाले, मला वाटलं तूच विचारतेयस. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि यांना बायकोचा आवाज ओळखता येत नाही. कान तपासून घ्या म्हटलं. जाऊ स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने मान खाली घातली, हसू दाबत असणार.

बुधवार, १३ ऑगस्ट

माझा चष्मा घरी राहिला. आणून द्यायला दुसरं कुणी मिळालं नाही जगात, हीच आली. वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, चष्मा." एवढंच. दोन शब्द.

अख्खा वर्ग वळला. कुणीतरी म्हणालं, आवाजाच्या बाई! मग काय विचारता. पोरं बाकांवरून उतरली, तिला घेरलं, एकेकाने आपलं नाव सांगितलं, एकीने वेणी पुढे करून दाखवली. तिचे कान लालेलाल. ती सारखी माझ्याकडे बघत होती, काय करू, असं विचारत असल्यासारखी. मी काय सांगणार? मी चष्मा घातला आणि हजेरी तपासत बसले.

गोगलगाय शेवटी आली. बोलली काही नाही, पण हिच्या ओढणीचं टोक धरून उभी राहिली. माझ्या पुढ्यात जी जागची हलत नाही ती. अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्ग सुटेपर्यंत मी सगळ्यांना शुद्धलेखन घातलं.

संध्याकाळी जाऊ म्हणाली, ती शेवटची लहानगी कोण हो, तिला सांभाळा. मला सांगते, सांभाळा म्हणून.

बुधवार, २० ऑगस्ट

पुढच्या शुक्रवारी मोठ्या बाई कच्च्या मुलांची परीक्षा घेणार. मूल टॅब्लेटवर वाक्य जुळवेल, वाचेल आणि एक वाक्य आपल्या मनाचं सांगेल. कच्ची पाच आहेत. चौघांची काळजी नाही. गोगलगाय आता टॅब्लेटशी घडाघडा बोलते, पण माझ्याकडे पाहिलं की पुन्हा मान आत.

मोठ्या बाई म्हणाल्या, बघा, या आवाजाने मुलगी वाचवली. लोकांना बोलावून दाखवू आपण. मी मान डोलावली. मानेला काय, सांगितलं की डोलते.

गुरुवार, २८ ऑगस्ट

आज एक गोष्ट केली. करायला नको होती बहुतेक, पण केली.

शिक्षकांचा पासवर्ड टाकून आत गेलं की टॅब्लेटमध्ये आवाज बंद करायची सोय आहे. मुलं गेल्यावर मी परीक्षेच्या पाचही टॅब्लेटांचे आवाज बंद केले. मनाशी म्हटलं, मुलांना कायमच्या कुबड्या नकोत, स्वतः वाचायला हवं. शिक्षणाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे हे. कुणीही विचारलं तरी हेच सांगेन. पण इथे खोटं कशाला लिहू? उद्या त्या पोरीने पडद्यावरून मान वर करून माझ्याकडे बघावं, मी सांगावं, आणि तिने बोलावं, मोठ्या बाईंच्या समोर, हे मला हवंय. एकदा तरी.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

काहीही लिहायची इच्छा नाही.

गोगलगायीने बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. टॅब्लेट उचलून कानाला लावला. हलवला. मग खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला हवं होतं तसंच बघितलं. मी म्हटलं, "वाच." ती गप्प. मी म्हटलं, "अगं वाच ना, येतं तुला." माझा आवाज वर गेला, मलाच ऐकू आला. तिने दोन्ही हात बाकाखाली घातले आणि मग ती काही केल्या बोलेना. मोठ्या बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली नि कागदावर लिहिलं, दुसरी.

बाकी चौघं तशीच पास झाली, आवाजाविना.

शनिवार, ३० ऑगस्ट

तिची आई शाळेत आली होती. गळ्यात मोजपट्टी तशीच, शिवता शिवता उठून आलेली. चिडली नाही, हेच वाईट. म्हणाली, बाई, घरी तर ती दिवसभर वाक्यं म्हणते. मी बटणं लावते तेव्हा शेजारी बसून म्हणते, आई बटण लावते, आई दोरा तोडते. मग मला विचारते, बघ, जमलं की नाही? काल काय झालं तिला?

काय झालं ते मला ठाऊक होतं. मी सांगितलं, टॅब्लेट बिघडला होता.

मग तेच मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. म्हटलं, आवाज येत नव्हता, मुलीचा काय दोष, पुन्हा संधी द्या. मोठ्या बाई दचकल्याच. म्हणाल्या, आधी का नाही बोललात, आणि लगेच फोन उचलला. सगळेच्या सगळे टॅब्लेट दुरुस्तीला परत पाठवले. महिनाभर येणार नाहीत. आणि फेरपरीक्षा येत्या बुधवारी, टॅब्लेटशिवाय, बाईंनी स्वतः घ्यायची. बाई म्हणजे मी. मारून घेतला धोंडा आपल्याच पायावर.

कपाट रिकामं झालं. मला वाटलं होतं, ते रिकामं बघून बरं वाटेल.

रविवार, ३१ ऑगस्ट

दिवसभर घिरट्या घालून शेवटी जावेकडे गेले. ती गाद्यांच्या खोलीत घड्या घालत होती. तिला सगळं सांगितलं, आवाज मी बंद केला तेही. यांना सांगितलं नाही, मोठ्या बाईंना नाही, आणि हिला सांगितलं. का ते माहीत नाही. तिने हातातली चादर खाली ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्या लहानगीचं नाव पुसलं का हो वर्गातून?" म्हटलं, अजून नाही, बुधवारपर्यंत नाही.

मी म्हटलं, तू ये शाळेत, तूच विचार तिला. माझ्या तोंडून हे निघालं यावर माझाच विश्वास बसेना. पण मोठ्या बाई बाहेरच्या माणसाला बसू देणार नाहीत. मग जाऊ म्हणाली, तुम्हीच विचारा, माझ्यासारखं. म्हणजे आता मी हिच्यासारखं बोलायला शिकायचं. या वयात, आणि तेही हिच्याकडून.

सोमवार, १ सप्टेंबर

शिकवणी झाली. गाद्यांवर ती बसली, समोर मी. ती मूल झाली, मी बाई.

मी म्हटलं, कोण आहे? ती म्हणाली, ताई, हे पोलिसासारखं झालं. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, विचारून झालं की थांबायचं. तिच्या तोंडाकडे नाही बघायचं, हाताकडे बघायचं. म्हणजे तिला वाटतं, वेळ आहे आपल्याला. मी थांबले. थांबवत नाही मला. वर्गात एवढी पोरं, पाऊण तासाची तासिका, कुणासाठी थांबायचं? ती म्हणाली, एकीसाठी थांबायचंय ना पण.

मग मी चिडून विचारलं, एवढी अक्कल तू आणलीस कुठून, तू कुठे गेली होतीस शिकवायला? तर ती म्हणाली, "अहो, आमची पोर लहान असताना तुम्ही जेवणाच्या टेबलाशी तिला घेऊन बसायच्या ना, तेव्हा मी भाजी निवडता निवडता—"

मी म्हटलं, पुरे, जुनी पुराणं नकोत, परवा परीक्षा आहे. पुतणीला मी शिकवलं होतं खरं, ती आता कॉलेजात आहे. त्याचा इथे काय संबंध? ती गादीवरची सुरकुती काढत राहिली. मग म्हणाली, बरं, पुन्हा म्हणा, घाई नाही हं.

आठव्या-दहाव्या खेपेला मला जमलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. एवढी वाईट नक्कल केली असेन असं वाटलं नव्हतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

झाली परीक्षा.

पट्ट्या मी बाकावरच मांडल्या. मोठ्या बाई शेजारी, हातात पेन उघडून. गोगलगाय आली ती मान आत घेऊनच. टॅब्लेट कुठे, असं डोळ्यांनी शोधलं. नाही म्हटल्यावर हात बाकाखाली निघाले.

मी म्हटलं, "चला, आज आपण वाक्य बनवू या. घाई नाही हं."

हात थांबले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मागे वळून दाराकडे, कुणी आलंय का ते बघायला. कुणी नव्हतं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. मोठ्या बाईंनी घसा खाकरला, तरी मी बोलले नाही. जीभ दातांखाली धरली होती. कधी नव्हे एवढी थांबले.

मग एक हात वर आला. "मुलगी" उचलून ठेवली. मी विचारलं, "बरं, काय करते?" आणि पुन्हा थांबले. तिने "फूल" ठेवलं, "तोडते" ठेवलं. बोट फिरवून वाचलं, आवाज करून वाचलं. मग दुसरं. मग तिसरं. माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास, बघ, जमलं की नाही?" आणि ती हसली. मला हसली. मला बघून. मी डोळे पुसायला चष्मा काढला.

मोठ्या बाई म्हणाल्या, आता एक वाक्य मनाचं. मला वाटलं, संपलं. तिने पट्ट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओठ हलवून पाहिले. आणि स्पष्ट म्हणाली, "आवाजाच्या बाई आमच्या बाईंसारख्या बोलतात."

मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, अगं उलट म्हणायचं असेल तुला, आमच्या बाई आवाजाच्या बाईंसारख्या बोलतात. आज बोलल्या तशा.

गोगलगायीने मान हलवली. नाही. "आवाजाच्या बाई आमच्या बाईंसारख्या बोलतात." दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मोठ्या बाईंशी वाद घालणारी ती शाळेतली पहिलीच असेल. मोठ्या बाईंनी कागदावरचं "दुसरी" खोडलं.

राहिली एकदाची आमच्याच वर्गात. तिच्या आईने दारातच माझा हात घट्ट धरला, सुया टोचून खरखरीत झालेली बोटं. मला खूप, खूप आनंद झाला. आणि त्या आनंदात एक खडा होता तो होताच. एवढं सगळं मी केलं, सकाळपासून जीव मुठीत धरून मी थांबले, आणि पोरीच्या मनात पहिलं नाव कुणाचं, तर हिचं. मी आपली मागून, सारखी म्हणून.

घरी आले तर जाऊ फाटकाशीच उभी. म्हणाली, काय झालं? म्हटलं, पास. ती मटकन पायरीवर बसली. म्हणाली, मनाचं वाक्य काय म्हणाली? म्हटलं, विसरले.

ती बरं म्हणाली नि आत गेली. चहा टाकला. दोन कप भरले, एक माझ्यापुढे ठेवला. मला तो प्यावेना. शेवटी सांगितलं, शब्द न् शब्द सांगितला, मोठ्या बाईंनी उलटवलं तेही, आणि पोरीने ऐकलं नाही तेही. म्हटलं, घे, तुझंच नाव आधी आहे, खूश हो.

ती खूश झाली नाही. रडायलाच लागली, पदर तोंडाला लावून, अगदी लहान मुलीसारखी. मी म्हटलं, अगं, तुझी स्तुतीच केलीय तिने, रडतेस काय? तर म्हणाली, "ताई, तुम्हाला वाक्य परत वाचायला लागेल."

मला ठाऊक आहे वाक्य, मी बाई आहे. तिला समजवायला म्हणून एकदा मोठ्याने म्हटलं. मग ती निजायला गेल्यावर इथे लिहिताना पुन्हा म्हटलं, सावकाश, "आमच्या बाईंसारख्या"पाशी थांबून.